बोटांची लिपी : डिजिटल पियानो आणि संगणक



व्याख्यानाचा विषय विज्ञानाचा असावा, परंतु तो पेडणे-डिचोलीच्या माणसाला आपला वाटावा, एवढीच अपेक्षा संयोजकांनी माझ्याजवळ व्यक्त केली होती. डिजिटल पियानो संगणकाला कसा जोडावा हा विषय या अपेक्षेच्या दुसऱ्या भागात बसत नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. पियानो आपल्या घरांत कधी नव्हता. आपल्याकडे होती ती पेटी : भजनात बुवांच्या डाव्या-उजव्या बाजूला असणारी हातपेटी, आणि दशावताराच्या खेळात पखवाज व झांज यांच्या सोबतीने रात्रभर जागणारी पायपेटी. या पेट्या वाजवणाऱ्यांनी आपली विद्या कागदावर उतरवली नाही. वादक गेला की त्याचा हात गेला, असेच आजवर चालत आले. डिजिटल पियानो आणि संगणक यांना जोडणाऱ्या एका साध्या केबलमधून जे वाहते, ते हा हात लिहून ठेवू शकते. मात्र त्या केबलमधून काय वाहते आणि काय वाहत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. आजचे माझे सांगणे एवढ्यापुरतेच आहे.

गोव्यात संगीताच्या दोन निरनिराळ्या साक्षरता नांदत आल्या आहेत. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत चर्चच्या शाळांमधून मुलांना पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्या लिपीच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी वाद्यवृंदाच्या संहिता लिहिल्या. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यापाशी प्यारेलाल व्हायोलिन शिकले. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे तर १७८८ साली. त्यामुळे ती चर्चशाळेची लिपी इथे फारशी रुजली नाही. इथले संगीत देवळाच्या सभामंडपात, नव्या सोमवारच्या बैठकांत, सप्ताहात आणि दशावतारात वाढले, आणि कानाने ऐकून हाताने उचलण्याच्या रीतीने एका पिढीकडून दुसरीकडे गेले. पेडण्यातील मालपे गावाचे नाव अंजनीबाई मालपेकरांनी सर्वत्र नेले. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेला ज्यांचे नाव दिले आहे त्या मनोहरबुवा शिरगावकरांनी गोव्याच्या भजनाला शिस्त लावली. परंतु त्यांच्यामागे बसून पेटी वाजवणाऱ्यांची नावे कितीजणांना सांगता येतील? जुन्या ध्वनिमुद्रिकांवरही गायकाचे नाव ठळक असे. साथीदाराचे बहुधा नसेच. बोरीच्या तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेटीवाल्याचेही नाव घेतात, याचे आपल्याकडे पुष्कळांना नवल वाटले. बोरकरांचे गुरू पी. मधुकर यांचे आडनाव पेडणेकर होते, हेही या सभागृहात सांगायला हरकत नाही. बोरकर २०१८ साली गेले.

आता मूळ विषयाकडे येतो. मिडी हे ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या नावाचे आद्याक्षरी रूप. विजेवर चालणारी सुरांची वाद्ये १९७०च्या दशकात विपुल झाली, पण एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. १९८१ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांनी एका समान भाषेचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी तो विषय उचलून धरला, आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून ती एकत्र वाजवून दाखवण्यात आली. ही भाषा वापरण्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागले नाही. चाळीस वर्षांनंतरही ती जवळजवळ मूळ रूपातच वापरात आहे. २०२० साली तिची दुसरी आवृत्ती आली, तरी जुनी वाद्ये त्यामुळे मुकी झाली नाहीत. संगणकाच्या जगात एवढे दीर्घायुष्य विरळाच.

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, ही गोष्ट पहिल्यांदा मनात पक्की करावी. तिच्यातून आकडे जातात. पियानोची प्रत्येक पट्टी म्हणजे एक क्रमांक. आपल्या पेटीवाल्यांच्या बोलीत सांगायचे तर मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, काळी दोन ६३, पांढरी तीन ६४ आणि पांढरी चार ६५. ८८ पट्ट्यांच्या पियानोत हे क्रमांक २१ पासून १०८ पर्यंत असतात. पांढरी एक दाबली की वाद्य तीन आकडे पाठवते : १४४, ६०, ८०. पहिला आकडा म्हणतो, ‘पहिल्या वाहिनीवर सूर सुरू’. दुसरा म्हणतो, ‘साठावी पट्टी’. तिसरा सांगतो ती किती जोराने दाबली. हा जोर १ ते १२७ या मापात मोजतात. तो मोजण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. प्रत्येक पट्टीखाली थोड्या अंतराने निदान दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना पहिला आणि दुसरा बिंदू मिटण्यात किती वेळ गेला त्यावरून वेग ठरतो, आणि वेगावरून जोर. बोट उचलले की पुन्हा तीन आकडे जातात : सूर बंद, साठावी पट्टी. अशा वाहिन्या सोळा असतात, म्हणजे एकाच केबलमधून सोळा वादकांचे हात वेगवेगळे ओळखता येतात.

जुन्या गोल जोडणीतून सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक वाहतात. एका सुराच्या तीन आकड्यांना असे ३० अंक लागतात, तेव्हा एक सूर सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात पोचतो. साठवणीचा हिशेबही करून पाहू. द्रुत लयीत सेकंदाला दहा सूर याप्रमाणे कोणी दहा मिनिटे पेटी वाजवली तर सहा हजार सूर झाले. त्यांचे सुरू होणे, बंद होणे आणि मधला काळ या सर्वांची नोंद पन्नास हजार बाइटच्या आसपास बसते. तेच वादन कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाने ध्वनिमुद्रित केले तर दहा कोटींहून अधिक बाइट लागतात. फरक दोन हजार पटींचा, कारण एक आहे वादनाचा आवाज आणि दुसरी आहे वादनाची लिपी. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातील बंदिश आणि ती गाणाऱ्या गायकाचा कंठ यांत जे अंतर, तेच हे अंतर होय.

प्रत्यक्ष जोडणी अवघड नाही. तथापि ती चुकते मात्र हटकून ठरावीक ठिकाणी. वाद्याच्या मागची बाजू पाहावी. अलीकडच्या वाद्यांना छपाईयंत्राला असते तसे चौकोनी यूएसबी छिद्र असते आणि त्याजवळ ‘टू होस्ट’ असे लिहिलेले असते. संगणकाची केबल तिथे लावायची. शेजारी बहुधा दुसरे, चपटे यूएसबी छिद्र असते, ते पेनड्राइव्हसाठी. चपट्या छिद्रात केबल घालून संगणकाकडे आशेने पाहत बसलेली बरीच सज्जन मंडळी मला भेटली आहेत. वाद्य जुने असेल तर त्याला पाच टोचणींची गोल छिद्रे असतात, आणि त्यांवर ‘इन’ व ‘आउट’ असे लिहिलेले असते. तेव्हा मधे एक छोटी पेटिका लागते. तिचे एक टोक संगणकाच्या यूएसबीत आणि दुसऱ्या टोकाच्या दोन केबली वाद्यात. येथे ध्यानात ठेवायचे एवढेच, की वाद्याचा ‘आउट’ हा पेटिकेच्या ‘इन’मध्ये जातो. बोलणाऱ्याचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी जुळवायचे. तोंडाशी तोंड जुळवून संवाद होत नाही. काही स्वस्त पेटिकांच्या केबलींवर कोणत्या छिद्रात घालावे ते आधीच उलटे विचार करून छापलेले असते, म्हणून काही चालले नाही तर पहिल्यांदा या दोन केबली आलटून पाहाव्यात. गोल केबल १५ मीटरपर्यंत चालते, यूएसबीची पाच मीटरपर्यंत. सभागृहात वाद्य रंगमंचावर आणि संगणक मागच्या भिंतीशी असा थाट मांडू नये.

हेडफोनच्या छिद्रातून निघालेली तार संगणकाच्या मायक्रोफोनच्या छिद्रात घातली तर संगणकात आवाज जाईल, आकडे जाणार नाहीत. ते ध्वनिमुद्रण झाले. तेही उपयोगाचे आहे आणि त्याविषयी पुढे बोलेन, पण ते मिडी नव्हे. याच कारणाने केवळ ध्वनी मुद्रित करणारी आज्ञावली मिडीसाठी चालत नाही. स्वरलिपी लिहिणारी म्युझस्कोर, किंवा अनेक वाद्यांचे थर रचता येणारी एलएमएमएस, या दोन्ही विनामूल्य मिळतात. शाळेने पैसे खर्चण्यापूर्वी त्या वापरून पाहाव्यात. केबल लावून वाद्य सुरू केल्यावर आज्ञावलीच्या मांडणीत जाऊन ‘येणारे मिडी’ म्हणून त्या वाद्याचे नाव निवडावे लागते. ते आपोआप होईल असे गृहीत धरू नये.

जोडणी झाली, सूर उमटू लागले, आणि प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो आहे, अशी तक्रार पुष्कळदा होते. त्याचे कारण सरळ आहे. वाद्य आपला आवाज काढते आणि आकडे मिळाल्यावर संगणकही काढतो. वाद्यातील ‘लोकल कंट्रोल’ बंद केले की पट्ट्या वाद्याच्या स्वतःच्या आवाजापासून तुटतात आणि फक्त संगणक बोलतो. नंतर ते पुन्हा चालू करायला विसरले तर दुसऱ्या दिवशी वाद्य बिघडले म्हणून ओरड होते!

दुसरी तक्रार विलंबाची. संगणक आवाज तयार करून थोडा थोडा साठवतो आणि मग बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने साठा ५१२ नमुन्यांचा ठेवला तर साडेअकरा सहस्रांश सेकंदांहून थोडा अधिक उशीर तेवढ्यानेच होतो. १२८चा ठेवला तर तीन सहस्रांशांहून कमी. एवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेला २५० सहस्रांश मिळतात, आणि चौपटीत वाजवणाऱ्याच्या एका सुराला अवघे ६२. त्यातले बारा कुठेतरी हरवले तर वादकाचा हात अडखळणारच, आणि तो दोष स्वतःच्या बोटांना देईल. म्हणून साठा कमी ठेवावा, विंडोज संगणकावर एएसआयओ प्रकारचा ड्रायव्हर वापरावा, आणि बिनतारी ब्लूटूथ ध्वनिक्षेपक तर अजिबात वापरू नये. त्याचा उशीर यापेक्षा कितीतरी मोठा असतो. वाद्य आणि ध्वनिक्षेपक वेगवेगळ्या सॉकेटांवर असल्यामुळे घुंईऽ असा आवाज येत असेल तर दोन्ही एकाच पट्टीवर घ्यावीत. लॅपटॉप असल्यास त्याचा चार्जर क्षणभर काढून फरक पडतो का ते पाहावे.

हे झाले जोडणीचे. आता पेटीवाल्याला त्या पियानोपुढे बसवले म्हणजे काय होते ते पाहू, कारण खरी अडचण इथे सुरू होते.

पेटीत आवाजाचा चढउतार पट्टीच्या जोरावर नसतो, तो भात्यावर असतो. पट्टी हळू दाबा की जोराने, भात्यात जितकी हवा तितका सूर. पियानोत नेमके उलटे. साहजिकच ज्याने पन्नास वर्षे पेटी वाजवली त्याच्या बोटांना जोराचा हिशेब ठेवण्याची सवय नसते, आणि पियानोवर त्याचे सूर काही ओरडतात, काही दबतात. ऐकणाऱ्याला वाटते, यांचा हात गेला. हात गेलेला नसतो, यंत्र चुकीचा प्रश्न विचारत असते. वाद्याच्या मांडणीत ‘टच’ हा पर्याय स्थिर केला म्हणजे सर्व पट्ट्या सारख्या जोराच्या मानल्या जातात, आणि निम्मी अडचण सुटते. उरलेल्या निम्मीसाठी भाता हवा. मिडीमध्ये चढउताराची एक स्वतंत्र आज्ञा आहे, तिचा क्रमांक ११, आणि ती पायाने दाबायच्या पेडलवरून देता येते. सर्व वाद्यांना असे पेडल लावता येत नाही. घरगुती पियानोंना बहुधा सूर लांबवणारे पेडल तेवढे असते, तेव्हा विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. ज्याने दशावतारात पायपेटी मारली आहे, त्याच्या पायाला हे शिकवावे लागत नाही.

आवाजाची निवडही विचारपूर्वक करावी. १९९१ साली १२८ वाद्यांची एक सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात १०५ व्या जागी सतार आहे आणि ११२ व्या जागी सनई आहे, परंतु पेटी नाही आणि तबलाही नाही. सर्वांत जवळचा म्हणजे २१ वा, रीड ऑर्गन. पियानोच्या आवाजावर पेटीवाल्याला बसवू नये, कारण पियानोचा सूर दाबल्यापासून विरत जातो, आणि पेटीचा सूर बोट उचलेपर्यंत उभा राहतो. सूर विरू लागला की वादक नकळत अधिक पट्ट्या मारून ती पोकळी भरतो, आणि मग जे नोंदले जाते ते त्याचे वादन राहत नाही.

सुरांच्या नेमकेपणाचा आक्षेप जुना आहे. पेटी मुळात परदेशी. अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले. तिचे सूर ठरलेले, तिच्यात मींड नाही, या कारणावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. मिडीवरही हाच आरोप करता येईल, आणि तो निम्माच खरा आहे. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर निसर्गसिद्ध शुद्ध गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ भाग खाली असतो. मिडीमध्ये सूर वाकवण्याची आज्ञा आहे आणि तिला १६,३८४ पायऱ्या आहेत. रूढ मांडणीत हे १४ भाग सुमारे ५७० पायऱ्यांत येतात. म्हणजे सूक्ष्मतेची उणीव नाही. अडचण अशी की ही आज्ञा संपूर्ण वाहिनीला लागू होते : गांधार वाकवला की सोबत धरलेला षड्जही वाकतो. षड्ज दुसऱ्या वाहिनीवर ठेवला तर हे टळते. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली ती याच प्रश्नाचे लाकडातले उत्तर होय. भजनाच्या साथीची नोंद करताना मात्र या खोलात शिरण्याची निकड नसते. आपल्या गावच्या पेट्याही बहुतेक पियानोच्याच पट्टीत लावलेल्या असतात.

लयीच्या बाबतीत मी अधिक सावध आहे. बहुतेक आज्ञावलींत ‘क्वांटाइज’ नावाची सोय असते. वादकाने सूर मात्रेच्या किंचित आधी वा नंतर लावला असेल तर ती त्याला ओढून नेमक्या जागी बसवते. बघायला फार नीटनेटके. पण भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत टाळकरी जसे चढत जातात, तसा पेटीवाला त्यांच्या किंचित पुढे राहून त्यांना ओढतो की मागे राहून सावरतो, यातच त्याची ओळख असते. दशावतारात तर संवाद आयत्या वेळचे. पात्र केव्हा पद उचलेल ते त्यालाच ठाऊक नसते, आणि पेटीवाला त्याच्या श्वासावर नजर ठेवून सूर देतो. तिथे यंत्राचा ठोका लावणे म्हणजे वाहत्या पाण्याला फूटपट्टी लावणे. म्हणून पहिली नोंद यंत्राचा ठोका बंद ठेवून, जशी आली तशीच ठेवावी. वाचनासाठी नीटनेटकी स्वरलिपी हवी असेल तर तिची प्रत करून त्या प्रतीवर हवे ते संस्कार करावेत.

संगणक लिपी लिहील ती पाच रेघांची. ती आपल्या सरगमीत आणणे सातवीच्या मुलालाही जमेल. षड्ज ज्या पट्टीवर आहे तिचा क्रमांक वजा करायचा, आणि बाराने भागून बाकी घ्यायची. बाकी शून्य तर सा, १ कोमल रे, २ शुद्ध रे, ३ कोमल ग, ४ शुद्ध ग, ५ शुद्ध म, ६ तीव्र म, ७ प, ८ कोमल ध, ९ शुद्ध ध, १० कोमल नी, ११ शुद्ध नी. बुवांचा षड्ज काळी एकवर, म्हणजे ६१ वर, असेल तर ६५ क्रमांकाची पांढरी चार वजा जाता ४, म्हणून शुद्ध गांधार. गणित आणि संगीत या दोन विषयांच्या शिक्षकांनी एका तासिकेत एकत्र बसावे, एवढेच याला लागते.

माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने दिलेली आणि आता कपड्याखाली झाकून कपाटावर ठेवलेली वाद्ये मी एकाहून अधिक शाळांत पाहिली आहेत. तसे एखादे वाद्य आपल्याही शाळेत असेल, तर तालुक्यातील एकेका ज्येष्ठ पेटीवाल्याला सन्मानाने बोलवावे. त्यांना आधी त्यांच्या स्वतःच्या पेटीवर वाजवू द्यावे आणि ते मायक्रोफोनने ध्वनिमुद्रित करावे, कारण भाता आणि रीडचा आवाज फक्त तिथेच मिळेल. मग तेच पद त्यांना डिजिटल वाद्यावर वाजवायला सांगून मिडीत घ्यावे. हात सरावण्यासाठी त्यांना अर्धा तास द्यावा, घाई करू नये. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की एकीत आवाज असतो, दुसरीत कोणते बोट केव्हा खाली गेले त्याचा हिशेब असतो. विद्यार्थी ती दुसरी नोंद निम्म्या गतीने, सूर न बदलता, ऐकू शकतो. काळी चारच्या बुवांची साथ काळी दोनवर आणून सराव करू शकतो. एकच हात वगळून तो स्वतः वाजवू शकतो. साथीदार मिळत नाही म्हणून रियाज थांबलेल्या मुलीला हे केवढे आहे, ते तिलाच विचारावे.

वादकाची संमती मात्र आधी घ्यावी, आणि ती तोंडी न घेता लेखी घ्यावी. पन्नास हजार बाइटची नोंद क्षणात कोठेही जाते, आणि एखाद्याचा आयुष्यभराचा हात दुसऱ्याच्या नावाने कोणत्यातरी कॅसेटीच्या धंद्याच्या नव्या अवतारात ऐकू येऊ शकतो. नोंदीची एक प्रत वादकाच्या घरीही गेली पाहिजे.

शेवटी जतनाविषयी. प्रत्येक आज्ञावलीची स्वतःची धारिका असते आणि ती आज्ञावली बंद पडली की धारिका उघडत नाही. म्हणून १९८८ साली ठरलेल्या प्रमाण मिडी धारिकेच्या रूपातही प्रत ठेवावी. ती कोणतीही आज्ञावली वाचते. धारिकेच्या नावातच वादकाचे नाव, गाव, पद, षड्जाची पट्टी आणि तारीख लिहावी, आणि तीच माहिती शाळेच्या नोंदवहीत शाईने लिहावी. प्रती तीन ठेवाव्यात : एक शाळेच्या संगणकात, एक निराळ्या चकतीवर कोरड्या कपाटात, आणि एक शाळेच्या इमारतीबाहेर, कारण आपल्याकडचा पावसाळा चार महिने असतो.